सत्तरीच्या वाड्यांवर आरोग्याचं काम: शिबिराच्या आधी आणि नंतर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आसपासच्या काही तरुण मुलामुलींनी मला एक प्रश्न पाठवला आहे. त्यांच्यात कुणी नर्सिंग केलंय, कुणी समाजकार्य शिकतंय, एकाचं औषधांचं दुकान आहे. त्यांना धनगरवाड्यांवर आणि सीमेलगतच्या वाड्यांवर आरोग्याची पाहणी करून मोठं शिबीर घ्यायचंय. त्यांची अडचण अशी: 'गोव्याचे आरोग्याचे आकडे देशात चांगले मानले जातात. मग आपल्याकडे विषमता आहे हे दाखवायचं कसं? आणि दाखवल्यावर ती कमी करायची कशी?' गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात, आणि पुढे संशोधन प्रकल्पांत, माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी शिबिराबद्दल. शिबीर जरूर घ्या, पण ते तुमच्या कामाचा पहिला दिवस होऊ देऊ नका. शिबिरात रक्तदाब वाढलेला माणूस सापडणं सोपं असतं. तोच माणूस सहा महिन्यांनी गोळी घेतोय का, त्याचा रक्तदाब आटोक्यात आहे का, हे सांगता येणं अवघड. गोव्यातली आरोग्याची दरी मला सगळ्यात जास्त तिथे दिसली आहे: पहिल्या तपासणीत नाही, दुसऱ्या भेटीत. ज्यांच्याकडे गाडी आहे, पगारी रजा आहे, बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ओळखीचं कुणी आहे, ते दुसऱ्यांदा जातात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, ते पहिल्यांदा मोठ्या आशेनं येतात आणि मग दिसेनासे होतात.

आता आकड्यांचं. गोव्याचे आकडे चांगले आहेत, त्यात खोटं काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यातली ९९.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. पण त्याच अहवालात पुढे बघा. १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय आधीच्या फेरीत ३१.३ टक्के होता, तो ३९ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं २०.१ टक्के होती, ती २५.८ टक्के झाली. बाळ जन्मतं दवाखान्यात, आणि घरी गेल्यावर चारांतल्या एकाची वाढ मागे पडते. प्रसूतीच्या दिवशी आपली व्यवस्था उत्तम चालते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या साध्या दिवसांत ती घरापर्यंत पोचत नाही.

आणि हे झालं अख्ख्या राज्याचं. त्या पाहणीत गोव्यातल्या दोन हजारांच्या आसपास बायकांची माहिती घेतली होती. राज्याचा अंदाज बांधायला तेवढी पुरते, पण तालुक्याचा बांधायला पुरत नाही, आणि वाड्याचं तर नावच काढायला नको. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत घेतलं गेलं. २०११ च्या जनगणनेत राज्यातली दहा टक्क्यांच्या आसपास माणसं त्या नोंदीत आली, त्यामुळे निदान त्यांच्याबद्दल वेगळा प्रश्न विचारता येतो. धनगर-गवळी त्या यादीत नव्हते. त्यांची मागणी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिली. म्हणजे राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांतून तुमच्या धनगरवाड्याचं चित्र वेगळं काढताच येणार नाही. 'विषमता दाखवायची कशी' याचं उत्तर इथूनच सुरू होतं: जो आकडा नाही, तो तुम्हाला गोळा करावा लागेल. आणि तो नीट गोळा केलात तर आरोग्य खात्यालाही हवाच असेल.

सुरुवात कागदावरच्या प्रश्नांनी करू नका. आधी वाड्यावरच्या बायका-पुरुषांना अंगणात बसवून वाड्याचा नकाशा काढून घ्या. खडूनं काढा, रांगोळीनं काढा, गोठ्याच्या कडेला मातीत काठीनं काढा. घरं कुठे, झर कुठे, बस कुठे थांबते, दूध कुठे जमा होतं, अंगणवाडी कुठे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठली सून सध्या माहेरी गेली आहे. तासाभरात जेवढं कळतं तेवढं छापील फॉर्मातून महिन्यातही कळत नाही. मग घरांची यादी करा आणि पाहणी सगळ्यात लांबच्या घरापासून सुरू करा. ही सूचना लहान वाटेल, पण माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. डांबरी रस्त्यापासून सुरुवात केली की दुपारपर्यंत पाय थकतात, आणि टेकडीवरची शेवटची चार घरं 'बंद होती' म्हणून नोंदली जातात. नेमकी तीच घरं मोजायला आपण गेलेलो असतो.

प्रश्न विचारताना 'तुम्हाला आरोग्य सेवा मिळते का?' असं विचारलंत तर सगळे 'हो' म्हणतील. पाहुण्याला वाईट वाटू नये ही आपल्याकडची रीतच आहे. त्याऐवजी शेवटच्या आजारपणाची हकीकत विचारा. कोण आजारी पडलं, पहिल्या दिवशी घरी काय केलं, कुणाला विचारलं, कितव्या दिवशी कुठे गेलात, कशानं गेलात, भाडं किती लागलं, त्या दिवसाची मजुरी बुडाली का, औषध कुठून घेतलं, ते संपल्यावर काय केलं. एकेक पायरी लिहून घ्या. अशा वीस हकीकती झाल्या की वाट कुठे तुटते ते आपोआप दिसायला लागतं.

एक उदाहरण देते. धनगरवाड्यांवर फिरताना या नमुन्याच्या बायका मला पुन्हा पुन्हा भेटल्या आहेत. पन्नाशीची बाई, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पण सकाळी गुरांचं, दुधाचं काम आटपल्याशिवाय तिला घर सोडता येत नाही, तोवर बस गेलेली असते. पुढची बस धरून ती पोचते तेव्हा ओपीडी संपत आलेली असते. म्हणून ती दर महिन्याला जायच्या ऐवजी दीड-दोन महिन्यांनी जाते. मधल्या काळात गोळ्या पुरवायच्या कशा? एक दिवसाआड घेऊन, किंवा अर्धी मोडून. तिच्या कार्डावर 'औषध अनियमित' असं लिहिलेलं असतं. तिला कुणी रागावतं, कुणी आहारावर भाषण देतं. पण तिला गोळीचं महत्त्व चांगलं कळलेलं असतं, म्हणूनच तर ती अर्धी का होईना, रोज खाण्याची धडपड करते. तिला जागृतीची गरज नाही. तिला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हव्यात, किंवा त्या गोळ्या कुणीतरी वाड्यावर आणून द्यायला हव्यात. हे निदान हकीकत ऐकल्याशिवाय होत नाही. वंचित समाजाच्या आरोग्याबद्दल बोलताना 'लोकांत अज्ञान आहे' हे वाक्य फार सहज तोंडात येतं. ते तुमच्या अहवालात येऊ देऊ नका.

संशोधन आणि लोकांपर्यंत पोचणं एकमेकांत कसं गुंतलेलं असावं, याचं सत्तरीतलंच उदाहरण घ्या: माकडताप. हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. माकडं त्यानं मरतात, म्हणून हे नाव. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली, आणि त्यानंतरच्या वर्षी आसपासच्या इतर गावांतही रुग्ण सापडले. सुरुवातीला तो नुसता ताप होता: डोकं फुटल्यासारखं दुखतं, अंग मोडून येतं, माणूस आडवा होतो. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांच्या तपासण्या होतात आणि उत्तर मिळत नाही. मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राच्या मदतीनं निदान झालं. मग अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: आजारी पडलेली माणसं काय काम करत होती? उत्तर होतं काजूचं काम.

ज्यांनी काजूच्या बागायतीत दिवस काढलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीपासून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकून खाली पडू लागतात, हंगाम मेपर्यंत चालतो. झाडाखाली वाळक्या पाल्याचा थर असतो. बी शोधायला तो पाला काठीनं, हातानं, पायानं बाजूला सारावा लागतो. वाकून, बसून, तासन् तास. गोचिडीची पिल्लं नेमकी त्याच महिन्यांत, त्याच पाल्यात असतात, आणि ती इतकी बारीक असतात की चावलेलं कळतही नाही. साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, तेव्हा पाल्याची आठवण कुणाला राहते? काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उसळतो.

आता यातून पोचण्याचं काम कसं बदलतं ते बघा. 'जंगलात जाऊ नका' हा संदेश निरुपयोगी आहे. काजू हे त्या घराचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे. उपयोगी संदेश वेगळे. कामाला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, उघड्या अंगाला गोचीडरोधक तेल. परत आल्यावर घरात शिरण्याआधी कपडे काढून गरम पाण्यात भिजवणं, अंग घासून आंघोळ, आणि एकमेकांचं अंग बघणं: काखेत, मांड्यांत, केसांत, कानामागे. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवणं. आणि ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगणं की मी काजूवर होतो. हे सगळं डिसेंबरात सांगावं लागतं, काजू सुरू व्हायच्या आधी. मार्चमध्ये पत्रकं वाटून उशीर झालेला असतो. तेल पोचलं नाही तर संदेशही पोचला नाही असं समजा. लशीचाही यात धडा आहे. या रोगावरची जुनी लस घ्यायची तर एका महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग बूस्टर, असं चक्र होतं. मजुरी बुडवून इतक्या फेऱ्या करणं लोकांना जड जायचं. पुढे तिचा प्रभावही कमी दिसला आणि कर्नाटकात तिचा वापर थांबला. एकाच टोचणीत काम भागवणारं काही हाताशी नसतं, तेव्हा माणसांची साखळी हाच उपाय राहतो.

त्या साखळीबद्दल गोव्याची एक खास अडचण तुम्हाला माहीत असायला हवी. देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा गोवा त्या योजनेबाहेर राहिला. राज्य लहान, केंद्रं जवळ, म्हणून गरज नाही असं वाटलं असावं. इथे परिचारिका, बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यावरच घराघरांचा भार आहे. वाड्यातलीच, वाड्याची भाषा बोलणारी, आरोग्याचंच काम करणारी बाई आपल्याकडे नाही. ही जागा तुमच्या गटाला भरता येण्यासारखी आहे.

ती भरता येते हे गोव्यातच सिद्ध झालंय. १९९६ मध्ये सुरू झालेल्या पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा अभ्यास केला, तो २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातले १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मदत करायची. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ मागे उभे. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले आढळले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात होतं. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, खासगी दवाखान्यातला फॅमिली डॉक्टर रुग्णाला आधीपासूनच वेळ देतो, ओळखतो, चौकशी करतो. गर्दीच्या सरकारी ओपीडीत तेवढं कुणी देऊ शकत नाही. तिथे त्या समुपदेशकानं ती जागा भरली. म्हणजे गरिबाला कमी मिळत होता तो दुसऱ्या माणसाचा वेळ, आणि तो वेळ दहावी-बारावी झालेली स्थानिक मुलगीही देऊ शकते.

पुढचा अभ्यास २०१७ चा, गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत ६ ते ८ बैठका. समुपदेशकांची अट किमान दहावी. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि नंतर दर आठवड्याला आपापसांत बसून एकमेकांच्या बैठकींचं रेकॉर्डिंग ऐकून चुका दाखवणं. तीन महिन्यांनी त्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले, इतरांत ३९ टक्के. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, रुग्ण केंद्रात येऊ शकला नाही तर समुपदेशक त्याच्या घरी जायचे. दुसरी, ते आठवड्याचं बसणं. प्रशिक्षण एकदा देऊन सोडून दिलं की महिन्याभरात त्याची धार जाते. तुमच्या गटात दर शनिवारी दोन तास याला ठेवा, मग बाकी काहीही कमी पडलं तरी चालेल.

साठीच्या पुढच्या माणसांवर गोव्यातच झालेल्या आणखी एका अभ्यासात (१८१ माणसं, २०१९ मध्ये प्रसिद्ध) अशाच स्थानिक समुपदेशकांनी मदत केलेल्यांपैकी वर्षभरात ४.४ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, इतरांत १४.४ टक्क्यांना. त्या मदतीत झोपेच्या सवयी होत्या, मधुमेहाची काळजी होती, आणि सरकारी योजनांपर्यंत पोचायला हातही होता. हा शेवटचा भाग विसरू नका. दरमहा पैशांची मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अडकलेला अर्ज मार्गी लावून देणं हे आरोग्याचंच काम आहे. म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचं आणि बसभाड्याचं काय होतं ते त्या पैशांवर ठरतं.

दारूबद्दलही दोन शब्द. २०१७ च्या अभ्यासातल्या त्या दहा केंद्रांत, त्याच सुमारास, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांबरोबरही अशाच बैठका झाल्या. तिथे ३६ टक्के सुधारले, इतरांत २६ टक्के. फरक लहान आहे पण खरा आहे. गोव्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे ३६.९ टक्के आहेत असं राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत आलंय. तुम्ही वाड्यावर रक्तदाब मोजायला जाल तेव्हा बायका हाच विषय आधी काढतील, त्याची तयारी ठेवा.

परप्रांतीय मजुरांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बागायतींत, क्रशरवर, बांधकामांवर ते तुमच्या तालुक्यातही आहेत. त्यांच्याबाबतीत दुसरी भेट आणखी अवघड. बांधकाम मजुरांसाठी मलेरियाच्या तपासणीचं आरोग्य कार्ड गोव्यात फार आधीपासून आहे, आणि मलेरिया खाली आणण्यात त्याचा वाटा आहे. पण त्या तपासणीत त्यांच्याकडे बघितलं जातं ते रोग आणणारा म्हणून. त्यांच्या क्षयाचं, गरोदर बायकांचं, मुलांच्या लसींचं काय? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विम्याच्या योजनेला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे नवा आलेला मजूर तिच्याबाहेर राहतो. एक व्यवहारी सूचना: रुग्णाचा नंबर घेता तेव्हा ठेकेदाराचा घेऊ नका, गावाकडच्या घरचा घ्या. साइट बदलली की ठेकेदार बदलतो, गाव बदलत नाही. क्षयाचं औषध सहा महिने चालतं. माणूस कर्नाटकात गदगला परत गेला तरी घरच्या नंबरवरून त्याला गाठून तिथल्या केंद्राशी जोडून देता येतं.

मोजमाप नीट करा, कारण चुकीचं मोजमाप माणसांना विनाकारण घाबरवतं. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवा. टेकडी चढून आलेल्याचा लगेच मोजू नका. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. १४०/९० च्या वर आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय कुणालाही 'तुम्हाला प्रेशर आहे' असं सांगू नका. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, तर रक्तक्षय. जेवल्यावर बोट टोचून आलेल्या साखरेवर मधुमेहाचा शिक्का मारू नका. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा वर, तीही पुन्हा तपासून, मग निदान. आणि ३० घरांच्या वाड्याचे टक्के काढू नका. '३० घरांपैकी ९ घरांत' असं लिहा. टक्के लिहिले की वाचणाऱ्याला ते मोठ्या पाहणीसारखे वाटू लागतात.

खरा तक्ता दुसराच करायचाय. रक्तदाब वाढलेले किती सापडले. त्यातले केंद्रात किती पोचले. किती जणांचं निदान पक्कं झालं. सहा महिन्यांनी गोळी किती जण घेतायत. आटोक्यात किती जणांचा आहे. या पाच ओळी रस्त्याजवळच्या वाड्यासाठी आणि टेकडीवरच्या वाड्यासाठी शेजारी शेजारी लिहा. विषमता दाखवायची कशी, असं तुम्ही विचारलं होतं. ती या तक्त्यात दिसेल, आणि ती कुठल्या ओळीवर सुरू होते तेही दिसेल. पहिल्या दोन ओळींत फरक पडत असेल तर वाहतुकीचं काम करा. चौथ्या ओळीत पडत असेल तर गोळ्यांचं.

संमतीबद्दल हयगय नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुम्ही ही माहिती पुढे कुठे अभ्यास म्हणून मांडणार असाल तर नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी लागते, नंतर नाही. त्यासाठी एखाद्या महाविद्यालयाच्या समाजवैद्यक किंवा समाजकार्य विभागाला सोबत घ्या. संमती कोकणीत किंवा मराठीत, त्या माणसाला समजेल अशी वाचून दाखवा. अंगठा घेतलात तर गटाबाहेरचा साक्षीदार हवा. 'नको' म्हणणाऱ्याला शिबिरात तेवढीच सेवा मिळाली पाहिजे. आणि जागेचा विचार करा. वाड्यावर पाहुणा आला की सगळे गोळा होतात. पाळीचा, दारूचा, मारहाणीचा प्रश्न अंगणात विचारू नका. मुलींनी बायकांशी झरीवर, गोठ्यात, जिथे त्या एकट्या असतात तिथे बोलावं. मारहाणीचं कुणी सांगितलं तर पुढे कुणाकडे न्यायचं ते आधी ठरवल्याशिवाय तो प्रश्न यादीतच घालू नका.

गोळा केलेलं परत नेऊन द्या. वाड्यांनी अनेक पाहण्या पाहिल्यात. माणसं येतात, लिहून घेतात, जातात, आणि पुढे काय झालं ते कळत नाही. तुमचा तक्ता मोठ्या कागदावर काढून वाड्यावरच मांडा, नावं न घेता. जिथे पौषात धालो, म्हणजे बायकांचे नाचगाण्याचे खेळ, होतात तिथे बायका रात्री मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या जागी, जमतात; खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मागून घ्या, पण वडीलधाऱ्या बायकांना विचारूनच. धनगरवाड्यावर संध्याकाळी गुरं बांधून झाल्यावर बसा. आकडा चुकला असेल तर तिथेच कुणीतरी सांगेल: 'अगो, त्या घरचा म्हातारा धरलाच नाही तुम्ही.' ती दुरुस्ती अहवालात जाऊ द्या.

कुणाला भेटायचं? आधी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. त्यांच्या पाठीमागून काम करू नका. शिबिरात सापडलेला प्रत्येक रुग्ण शेवटी त्यांच्याकडेच जाणार आहे, त्यांना आधीपासून माहीत असलं तर वाट सोपी होते. त्यांना तीन गोष्टी विचारा: रक्तदाब-मधुमेहाची ओपीडी कोणत्या वारी, दूरच्या वाड्यांसाठी जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, आणि त्यांच्या परिचारिकेबरोबर महिन्यातून एकदा तुमच्यापैकी कुणी फिरू शकेल का. छातीत दुखणाऱ्या माणसाला गाडी शोधून थेट बांबोळीला नेण्यात वेळ जातो; जवळच्या केंद्रात ईसीजी काढून तो गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवण्याची आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तिथेच देण्याची सोय राज्यात झाली आहे. तुमच्या केंद्रात ती कशी चालते ते समजून घ्या आणि वाड्यावर सांगा. मग पंच, मग अंगणवाडी सेविका. सेविकेवर कामाचा ढीग असतो, तिला तुमचं काम लावू नका. तुम्ही तिची वजनं घ्यायला हात लावा.

आता पैशांचं. मांडव, बॅनर, पाहुण्यांचा सत्कार यावर जाणारा खर्च वाचवा. दोन चांगली रक्तदाब यंत्रं, वेगवेगळ्या मापांचे पट्टे, गोचीडरोधक तेल, वह्या, आणि फिरणाऱ्यांचं पेट्रोल, एवढ्यात वर्ष निघतं. त्यातला मोठा भाग पेट्रोलला ठेवा. वाड्यातली एक बाई किंवा मुलगी तुमच्याबरोबर नियमित फिरणार असेल तर तिला मानधन द्या. गरिबाच्या वेळेवर फुकट हक्क सांगू नये, आणि मानधन घेणारी बाई पुढच्या महिन्यातही येते.

आत्ता करायचं ते एवढंच: दोन वाडे निवडा, एक रस्त्यालगतचा आणि एक टेकडीवरचा. पावसात वाटा निसरड्या आणि लोक शेतात असतात, तेव्हा नकाशे आणि घरांच्या याद्या चतुर्थी उरकल्यावर करा. शेवटच्या आजारपणाच्या हकीकती दिवाळीच्या आसपास. डिसेंबरात माकडतापाचं सांगणं आणि तेल वाटणं. शिबीर जानेवारीच्या सुरुवातीला, बोंडू पडायच्या आधी, आणि शिबिराची तारीख ठरवतानाच जुलैतल्या सहा महिन्यांच्या तपासणीसाठी कोण कुठल्या घरी जाणार ती नावंही वहीत लिहून ठेवा.